सातबाऱ्यावरचे दुसरे नाव

(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



गाळप हंगाम चालू असतो तेव्हा शेतकी खात्याचा माणूस गावात येतो तो तोडीच्या चिठ्ठ्या घेऊन, पायाला भिंगरी लावून. हंगाम आटोपला म्हणजे मात्र ओसरीवर टेकायला सवड मिळते, माठातले पाणी प्यायला मिळते, आणि हंगामात जे कोणी सांगत नाही ते कानांवर येते. यंदा वैशाखात आम्ही घाटंजी गटात असेच फिरत होतो. एका घरी जाणे मात्र आम्ही दोन दिवस टाळले. तिसऱ्या दिवशी मनाचा हिय्या करून गेलो. त्या घरचे आबाजी माघ महिन्यात वारले होते, आणि त्या घरात तोंड दाखवायची आम्हांस लाज वाटत होती. लाज का वाटत होती ते पुढे सांगतो. आधी आबाजींविषयी चार शब्द.

त्यांचे नाव येथे लिहीत नाही. घरच्या मंडळींनीच तशी इच्छा सांगितली. गाव त्यांना आबाजी म्हणे, म्हणून आम्हीही आबाजीच म्हणू.

दोघांनी खणलेली विहीर

घाटंजी तालुका हा मूळचा कापूस-तुरीचा मुलूख. काळी जमीन आणि बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर. उसाची लागण करायची ती ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने, आणि तीही एकर-दोन एकर. वाहतूक लांब पल्ल्याची. त्यामुळे या गटात ऊस लावणारा सभासद म्हणजे हौशी तरी असतो नाही तर चिवट तरी. आबाजी चिवट होते.

वावर एकूण सहा एकर. चार एकर कोरडवाहू, दोन एकराला विहीर. ही विहीर त्यांनी आणि आजीने मिळून खणली. खालचा खडक लागला तेव्हा सुरुंग लावणाऱ्याला मजुरी दिली तेवढीच. बाकी माती-मुरूम दोघांनी काढला. ते खाली खणत, आजी वरून दोर ओढत. दोन उन्हाळे असे गेले. "पानी लागलं तवा हे खालून वरडले, अन् मी वर रडत होती," असे आजी सांगतात.

वीसएक वर्षांपूर्वी आम्ही शेतकी मदतनीस म्हणून या गटात आलो, तेव्हा कृषी पदविकेची शाई अजून वाळायची होती. आबाजींच्या बांधावर उभे राहून आम्ही त्यांना ऐटीत सांगू लागलो: बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे घ्या, खोडव्याचे बेणे वापरू नका, टिपरी दोन डोळ्यांची तोडा, बेणेप्रक्रिया केल्याशिवाय लागण करू नका, सरी रुंद ठेवा. आबाजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग बिडी विझवून म्हणाले, "सगळं बराबर हाय साहेब. पन टिपरीचा डोळा कोन्या बाजूले ठेवाचा, ते नाही सांगतलं."

आम्ही गप्प. त्यांनी खाली बसून टिपरी सरीत ठेवून दाखवली. डोळा खाली गेला तर कोंब मातीतून वर यायला वेळ लागतो, आणि नुसता वर आला तर दुसरा खाली जातो. म्हणून दोन्ही डोळे बाजूंना येतील अशी टिपरी ठेवायची. हे आमच्या पुस्तकातही होते. पण ते पुस्तकातून आम्ही विसरलो होतो आणि ते हातातून विसरले नव्हते. त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या बांधावर ऐटीने कधी उभे राहिलो नाही.

खोडव्याचे पाचट त्यांनी कधी जाळले नाही. शेजारीपाजारी तोड झाली की काडी ओढत आणि दोन तासांत वावर काळे करून मोकळे होत. आबाजी पाचट सरीत दाबून घेत, बुडखे जमिनीबरोबर धारदार कोयत्याने छाटत, पाचटावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजविणारे जिवाणू टाकीत. "पाचट जाळनं म्हंजे जमिनीच्या तोंडातला घास जाळनं," हे त्यांचे बोलणे आम्ही पुढे कितीतरी मेळाव्यांत आमचे म्हणून सांगितले आहे. आज त्याची कबुली देतो.

माणूस देव नव्हता. रागीट होता. तोड लांबली की आमच्या चिटबॉयच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. वजनकाट्याची पावती दोनदा वाचून घेतल्याशिवाय खिशात घालत नसे. बिडी सोडा म्हणून डॉक्टरांनी, आजीने आणि आम्ही सांगून पाहिले. बिडी सुटली नाही. हे लिहिले नाही तर वरून आबाजी म्हणतील, साहेबांनी मले कोनी दुसराच केलं!

"तू बोलत राह्य"

कृषिपंपाची वीज आपल्याकडे एक आठवडा दिवसा, तर दुसरा आठवडा रात्री, असा फेरा सर्व सभासदांच्या ओळखीचा आहे. रात्रीच्या पाळीला आबाजी गमबूट घालून, बॅटरी घेऊन निघत. साठी उलटल्यावर आजी त्यांना एकटे जाऊ देईनात. साप-किरडू, अंधार, ओली सरी. आजींचे गुडघे दुखत, म्हणून आबाजी त्यांना सरीत उतरू देत नसत. बांधावर पोते अंथरून देत आणि म्हणत, "तू इथं बस, अन् बोलत राह्य. तुहा आवाज आला म्हंजे मले समजते, तू जागी हायस अन् मी बी जित्ता हावो."

एकदा बारा वाजता त्या बाजूने मोटारसायकलवरून जाताना हे आम्ही स्वतः ऐकले आहे. उसात माणूस दिसत नव्हता. बांधावरून एक बाईमाणूस कोणाच्या लग्नात काय झाले ते मोठ्याने सांगत होते, आणि आतून अधूनमधून हुंकार येत होता. असा संसार आम्ही पुष्कळ घरांत पाहिला नाही.

आठवडी बाजाराला जाताना आबाजी पैसे आजींकडून मागून घेत आणि परत आल्यावर उरलेली चिल्लर त्यांच्या हातावर ठेवीत. उसाचे बिल जमा झाले की बँकेत दोघे जात. आजी आजारी पडल्या त्या साली चूल आबाजींनी पेटवली. भाकरी जमली नाही, पण वरण आणि भात रोज केला, आणि गावातले चार लोक हसले तर हसू दिले.

धाकटा मुलगा घरी शेती पाहतो, थोरला पुण्याकडे कंपनीत आहे. धाकट्याची मुलगी ही आबाजींची जिवाभावाची. ती लहान असताना लागणीच्या दिवशी शाळा बुडवून वावरात येई. आबाजींनी तिला आकडे शिकवले ते टिपरीवर. दहा टिपरी म्हणजे एक जुडी, दहा जुड्या म्हणजे शंभर. एकरी दोन डोळ्यांची सुमारे दहा हजार टिपरी लागतात, हे त्या पोरीला चौथीत असतानाच ठाऊक होते. कडेची एक सरी "तिची" असे. त्या सरीच्या उसाचे पैसे वेगळे काढून तिच्या वह्या-पुस्तकांना जात. हिशेब आबाजी ठेवत आणि तपासायची ती.

सीतामाईचे दोन एकर

आता एका जुन्या गोष्टीकडे वळू या. तिच्यासाठी घाटंजीहून जरा बाजूला जावे लागेल.

आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तेथे सीतेचे जुने देऊळ आहे. राम-लक्ष्मणांशिवाय, एकट्या सीतेचे. लोक कथा सांगतात, की वनात टाकलेली सीता या गावाच्या शिवारात राहिली, लव-कुश येथे वाढले. बाळंतपणात तिने गावात मूठभर गहू मागितला आणि गावाने दिला नाही. तेव्हा तिने शाप दिला, की या शिवारात गहू पिकणार नाही. कथा खरी-खोटी कोणी पाहिली आहे? पण शेतकऱ्यांच्या मुलखात अशी कथा शतकानुशतके टिकते, तिला कारण असते. नवऱ्याने घर बंद केले तर बाईला पाय टेकायला जागा कोणती, हा तो प्रश्न आहे.

या देवळाचा जीर्णोद्धार व्हावा म्हणून पुढाकार घेतला तो शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी. साखर कारखानदारीशी त्यांचे कधी पटले नाही. उसाच्या भावासाठी ते आणि कारखाने समोरासमोर उभे राहिले, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. २०१५ साली ते गेले. मतभेद आपल्या ठिकाणी. पण त्यांचे एक काम आपल्या पानावर आदराने लिहिण्यासारखे आहे.

१९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात चांदवड येथे शेतकरी बायांचे मोठे अधिवेशन झाले. लाखांनी बाया आल्या. त्यानंतरच्या काळात 'लक्ष्मी मुक्ती' ही मोहीम निघाली. विचार साधा होता. शेतकऱ्याच्या मालाला रास्त भाव मिळत नाही, त्याच्या घामाचे देणे कोणी देत नाही, अशी आपली तक्रार. पण घरच्या लक्ष्मीने वावरात गाळलेल्या घामाचे देणे आपण दिले काय? तेव्हा आधी आपल्या घरचे देणे फेडा, आणि जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करा. कायद्याच्या धाकाने नव्हे, आपण होऊन. जळगाव जिल्ह्यातील विटनेर गावी शंभराहून अधिक बायांच्या नावे जमीन झाली. १९९२ साली महाराष्ट्र शासनानेही परिपत्रक काढले: पतीने स्वखुषीने अर्ज केला तर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाराच्या उताऱ्यावर लावावे, खरेदीखत-बक्षीसपत्राच्या खर्चात पडण्याचे कारण नाही.

आबाजी तेव्हा पंचेचाळिशीच्या घरातले. कोणत्यातरी सभेत त्यांनी हे ऐकले आणि घरी कोणाला न सांगता तलाठ्याकडे जाऊन उभे राहिले. विहिरीचे दोन एकर. अर्ज पाहून तलाठी म्हणाले, "घरात काही भांडण आहे काय?" आबाजी म्हणाले, "भांडन रोजचं हाय जी. त्याचा अन् याचा काही संबंध नाही."

गाव हसले. पारावर एकाने म्हटले, "आबाजी आता बायकोचा सालगडी झाला." त्यावर आबाजींनी दिलेले उत्तर अजून त्या पारावर सांगतात: "सीतामाईच्या नावानं दोन एकर वावर असतं, त तिले मूठभर गव्हासाठी दारोदार फिरा लागलं नसतं."

उतारा हाती आला त्या दिवशी आबाजींनी तो आजींपुढे ठेवला. आजींना वाचता येत नव्हते. शेजारच्या पोराने वाचून दाखवला आणि नावावर बोट ठेवले. आजींनी आम्हांस हे सांगितले तेव्हा त्या उताऱ्यावर जणू आत्ताच बोट आहे, असा त्यांचा हात होता. "लग्नात सासरच्याईनं नवं नाव ठेवलं. तीस वर्सं लोकं हाका मारत, पन ते कोठी लिवलं नव्हतं. पयल्यांदा कागदावर पाह्यलं." त्यानंतर त्या सही करायला शिकल्या. शिकवली आबाजींनी, ते स्वतः चौथी शिकलेले.

माघातली पहाट

यंदा माघात रात्रीची वीज होती. खोडव्याची तोड चार दिवसांवर आली होती, म्हणून उसाला पाणी बंद. पण हरभऱ्याला शेवटचे पाणी द्यायचे होते. आबाजी आणि आजी पहाटे परत आले. आजींनी चहा ठेवला. आबाजी भिंतीला टेकून बसले होते. कप पुढे केला तो घ्यायला हात आला नाही. वय अठ्ठ्याहत्तर.

तेरवी होईपर्यंत तोड पुढे ढकलली, एवढे आम्ही केले. ऊस तुटला, गाडी भरून गेली. आणि मग जे होऊ नये ते सुरू झाले.

थोरल्या मुलाच्या डोक्यावर शहरातल्या घराचे कर्ज. त्याला वाटले, आता वावर विकून टाकावे. माणूस वाईट नव्हे. गळ्याशी आलेला होता. विहिरीचे दोन एकर विकले तरच चांगला भाव येणार होता. कोरडवाहूला गिऱ्हाईक नाही. त्याने उतारा काढला, तर त्यावर आईचे नाव. आजींनी त्याला जेवू घातले आणि सांगितले, "तुहा बाप गेला, पन ही इहीर आमी दोघायनं खनली. माह्या नावाचं वावर मी इकनार नाही." पोरगा दोन दिवस राहिला, बापाच्या बांधावर फिरला, आणि परत गेला. भांडण झाले नाही. बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वी एका माणसाने तलाठ्याच्या दारात उभे राहून जे केले, त्याने त्या दिवशी घर सावरले.

आता आमच्या लाजेची गोष्ट.

ऊस नोंद आबाजींच्या नावावर होती, भागही त्यांच्याच नावावर. सभासद मयत, म्हणून त्या खोडव्याचे बिल कार्यालयात अडकले. आजी नातीला घेऊन एसटीने आल्या. कारकुनाने सांगितले, वारसाचे कागद आणा. पुन्हा आल्या. तोपर्यंत सोसायटीचे हप्ते, शाळेची फी, मजुरी, सगळे थांबलेले. तिसऱ्या खेपेला त्यांनी आम्हांस गाठले, आणि आम्ही आबाजींचा सभासदत्वाचा मूळ अर्ज दप्तरातून काढून घेतला. 'वारस म्हणून नेमलेल्या व्यक्तीचे नाव' हा रकाना कोरा होता.

अक्षर आमचे होते.

वीसएक वर्षांपूर्वी शेतकी मदतनीस म्हणून आम्हीच तो अर्ज त्यांच्या बांधावर मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून भरला होता. त्या दिवशी अजून तीन गावे करायची होती. "वारसाचं पुढच्या खेपेला भरू," असे आम्ही म्हणालो असणार. पुढची खेप वीस वर्षांत आली नाही. ज्या माणसाने सगळे गाव हसत असताना बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावले, त्याच्या कारखान्याच्या कागदावर तिचे नाव नव्हते. कारण ते आम्ही विचारलेच नाही. आबाजींना एका शब्दाने विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते, हे या लेखाच्या वाचकाला सांगायला नको.

पुढे कागद जमले, संचालक मंडळापुढे विषय गेला आणि बिल मिळाले. पण नियमाप्रमाणे चौदा दिवसांत हाती यायचा पैसा त्या घरी उशिरा पोहोचला, आणि त्यात चूक आजींची नव्हती.

सभासदांनी एवढे करावेच

या निमित्ताने आम्ही घाटंजी गटातील जुने अर्ज काढून पाहिले. कोरे रकाने एकट्या आबाजींचे नव्हते. म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहितो. त्या कापून घरात लावून ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, कारखान्याच्या भागावर वारसाचे नामनिर्देशन. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यात सभासदाच्या मृत्यूनंतर त्याचा भाग नेमलेल्या व्यक्तीकडे देण्याची तरतूद आहे. नाव नेमलेले नसेल तर संस्थेला वारस कोण ते ठरवत बसावे लागते, आणि त्यातच महिने जातात. मात्र एक गैरसमज नको: नेमलेली व्यक्ती म्हणजे एकटी मालक नव्हे. संस्थेने व्यवहार तिच्याशी करायचा. बाकीच्या वारसांचा हक्क वारसा कायद्याप्रमाणे राहतोच. हीच गोष्ट बँकेच्या खात्याची आणि सोसायटीची. तिन्ही ठिकाणी नाव आहे काय, ते एकदा डोळ्यांनी पाहावे.

दुसरी गोष्ट, मृत्यूनंतर जमिनीला वारस लावणे. मृत्यूपासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वर्दी द्यावी. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र नसेल तर विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, हे सारे पहिल्या वर्गाचे वारस. प्रत्येकाचा हिस्सा सारखा. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आला. "बहिणीचे हक्कसोड घ्या, आईचे नाव कशाला, ती आपलीच आहे," हे पारावरचे शहाणपण कायद्यात नाही.

तिसरी गोष्ट, जिवंतपणी पत्नीचे नाव लावणे. लक्ष्मी मुक्तीचा मार्ग ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी तहसील कार्यालयात चौकशी करावी. जमीन भावाभावांत सामाईक असेल तर आधी वाटणी करून घ्यावी, नाही तर पुढे नवा वाद उभा राहतो.

चौथी गोष्ट आमच्या खात्याची. ऊस नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याविषयी आम्ही शेतकी समितीपुढे विषय मांडला आहे. वावर दोघांचे, घाम दोघांचा, तर नोंद एकाचीच का?

आपल्या देशात २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे शंभर वहितीदारांमागे बाया साधारण चौदाच आहेत. वावरात मात्र निंदणी, लागण, वेचणी, बेणे तोडणे या कामांत बायांची संख्या किती असते, ते आपण रोज पाहतो. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला आहे. घरचा कर्ता गेल्यावर कागदावर नाव नसलेल्या किती बहिणींना कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागले, ते यवतमाळ जिल्ह्याला सांगायला नको. आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील विधवांच्या नावे जमीन व घर लावण्याबाबत शासनाने २०१९ साली वेगळा निर्णय काढला, तो यामुळेच. पण शासनाचा निर्णय माणूस गेल्यावर कामाला येतो. आबाजींसारखा निर्णय माणूस असतानाच घेता येतो.

कोरा रकाना

तर वैशाखातल्या त्या तिसऱ्या दिवशी आम्ही आबाजींच्या घरी गेलो. आजींनी नेहमीसारखे पाणी दिले, गुळाचा खडा दिला. आम्ही माफी मागितली. आजी म्हणाल्या, "राहू द्या जी साहेब. तुमी तवा पोरगंच होते." यापेक्षा दोन शब्द रागाचे बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

मग त्या आम्हांस वावरात घेऊन गेल्या. खोडवा गुडघ्याच्या वर आलेला. सरीतले पाचट काळे पडून मऊ झालेले, खाली ओल धरलेली. बुडखे जमिनीबरोबर छाटलेले होते. "कोणी छाटले?" आम्ही विचारले. "मी अन् सुनेनं. त्याईचाच कोयता होता." कडेच्या सरीत नात उभी होती. ती आता बारावीत आहे, आणि पुढे कृषीचे शिक्षण घ्यायचे म्हणते.

आबाजींचा भाग आता आजींच्या नावे होत आहे. त्याचा अर्ज आम्ही सोबत नेला होता. बांधावरच बसून नातीने तो भरला: नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र. पानाच्या खालच्या बाजूला तोच रकाना आला. या वेळी आम्ही घड्याळ पाहिले नाही. "आजी, वारस म्हणून कोणाचं नाव लिहायचं?" आम्ही विचारले.

आम्हांस वाटले, धाकट्या मुलाचे सांगतील, फार तर नातीचे. आजी थोडा वेळ विहिरीकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "माह्या सुनेचं लिवा. तिचं नाव बी अजून कोठी लिवलं नाही."

नातीने आईचे नाव लिहिले. आजींनी खाली सही केली. अक्षर मोठे, जोर देऊन काढलेले, आबाजींनी शिकवलेले.

सभासद बंधूंनो, येत्या गटभेटीत आमचा माणूस आपल्या दारी येईल. त्याला रिकामे परत पाठवू नका. आणि तो घाईत असला, तर हात धरून बसवा.